डावीकडून दुसरं स्टूल

दिलावरभाईंच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. निळं आंतर्देशीय पत्र होतं, कडा नेहमीसारख्या इतक्या घट्ट चिकटवलेल्या की मला कात्री शोधावी लागली. आयुष्यभर पुस्तकं बांधत आलेला माणूस पत्रसुद्धा बांधूनच पाठवतो.

ते जुन्नरला राहतात आणि मी नारायणगावला. जीपनं अर्धा तास. तरीही आम्ही पत्रं लिहितो, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांचे कान पूर्ण गेले आहेत. यंत्र लावलं तर नुसती शिट्टी ऐकू येते म्हणून ते त्यांनी काढून ठेवलं. भेटलो तर मी आधीच हळू बोलणारा, आणि त्यांना ओठ वाचायची सवय नाही. कागदावर आम्ही दोघंही बरे.

मी ओतूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. पानं सुटलेली, पाठ निघालेली पुस्तकं पोत्यात भरून एसटीनं जुन्नरला त्यांच्या दुकानात न्यायची आणि महिन्यानं बांधलेली परत आणायची, अशी आमची ओळख झाली. आणलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचलेलं असायचं. बांधायच्या आधी वाचायचे, नाहीतर पानं चुकली तर कळणार कसं, असं म्हणायचे.

पत्र थोडक्यात असं होतं:

"सयाजीराव, उमरचं हॉटेल तुमच्या गावात वर्षभर चालू आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. जागा माझी, पुठ्ठ्यांचं जुनं गोदाम. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा एक जण ती मागतो आहे. दसऱ्यापर्यंत सांगा म्हणतो. मी एकदा हॉटेलात जाऊन आलो. तिथं गोंगाट असावा असं दिसलं. सगळ्यांची तोंडं हलत होती. भात गार होता. नातू बाइंडिंग शिकला नाही याचं वाईट वाटत नाही, आता कोण बांधून घेतो. पण माझ्या हातातलं काहीच पुढं गेलं नाही आणि त्याच्या जागी आलं ते हे, असं मनात येतं. तुम्ही एकदा जेवून या. जागा त्याला राहू द्यावी की काढून घ्यावी, एवढंच लिहा. तुम्ही लिहाल तसं करीन."

शेवटचं वाक्य मला नको होतं.

कुणाला असा सल्ला मी कधी दिलेला नाही. ग्रंथालयात मुलं विचारायची, सर, कोणतं वाचू? मी दोन पुस्तकं पुढं करायचो. निवड त्यांची, म्हणजे चूकही त्यांची. आता एका तरुण माणसाचं दुकान माझ्या एका शब्दावर टांगलेलं. मला हॉटेलातलं काय कळतं? बायको गेल्यापासून मी डब्यावर जेवतो आणि डबेवालीला मीठ कमी पडलं एवढंसुद्धा सांगितलेलं नाही. रोज सकाळी लिहायला बसायचो, "प्रिय दिलावरभाई" लिहायचो आणि चहा करायला उठायचो.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा संध्याकाळी मी शर्ट बदलला आणि निघालो.

टोमॅटो मार्केटच्या मागच्या गल्लीत ते गोदाम. पत्रे तेच, दरवाजा तोच, बाहेर कागदी कंदील आणि पाटीवर मराठीत "जपानी खाणावळ". आमच्याकडे कुणी हे नाव घेत नाही. सगळे "जपान्याकडं" म्हणतात. उमर जपानला कधी गेलेला नाही. पुण्यात एका जपानी हॉटेलात सहा वर्षं होता, तेवढ्यावर जीपवाल्यांनी त्याला जपानी करून टाकलं.

आत गेलो आणि परत फिरावंसं वाटलं. कोळशाचा धूर, हसणं, ताटल्यांचा आवाज, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं एका टेबलाभोवती दाटीवाटीनं बसलेली, मार्केटमधली माणसं अंगावरच्या टोमॅटोच्या डागांसकट. मी दारात एकटा. वळणार तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "या ना सर. एकटेच का? मग काउंटरवर बसा, टेबलावर एकट्याला करमत न्हाई."

ती समरीन, उमरची बायको. तिनं मला डावीकडून दुसऱ्या स्टुलावर बसवलं. काउंटर म्हणजे एक लांब फळी. फळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, उमर मान खाली घालून काम करत होता. त्यानं वर बघून "सर" एवढंच म्हटलं आणि पुन्हा खाली बघितलं.

माझ्यासमोर एक छोटा पेला आणि हिरव्या चहाची किटली ठेवली गेली. मी किटलीला हात घातला.

"अहो पावणं, थांबा," शेजारचा माणूस म्हणाला. पन्नाशीचा, जाड मिशांचा. "हितं आपला आपण वतून घ्यायचा न्हाई. जपान्याचा कायदा हाय. शेजाऱ्यानं वतायचा."

त्यानं माझा पेला भरला. मी आभार मानले. मग मी प्यायला लागलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आन् माझा?"

त्याचा पेला रिकामा होता. मी घाईघाईनं ओतला, थोडा फळीवर सांडला.

"असूं द्या, असूं द्या. मी गेणभाऊ. आडत हाय माझी मार्केटला." मग त्यानं आवाज चढवला. "ह्या गड्यानं लई फसवलंय आमाला. कुणीतरी सांगितलं, जपानात असल्या हॉटेलात लोकं प्यायला बसत्यात. आमी चौघं पैल्याच दिवशी हजर. तर ह्यानं चहा दिला."

"आन् तुम्ही रोज येता तरी," उमर मान वर न करता म्हणाला.

"काय करणार. बायकू म्हणती, तिकडंच बसा. तोंडाचा वास येत न्हाई."

समरीननं वही-पेन न घेताच माझी ऑर्डर विचारली. मला यादीतलं काहीच कळत नव्हतं. "कच्चा मासा…" एवढंच मी म्हणालो.

"कच्चा मासा कुणी मागितला तरी देत न्हाई आम्ही, सर. काकडीची गुंडाळी हाय, अंड्याची हाय, कोळंबीची हाय, ती उकडून. धरणातला मासा तळून. वांगं कोळशावर."

"यांना अंड्याची दे," गेणभाऊ म्हणाला. "आन् ती हिरवी गोळी कमी टाक. मी पैल्या दिवशी भाकरीवर ठेचा घेत्यात तेवढी घेतली व्हती. टोमॅटोचं कॅरेट मातीमोल गेलं तेव्हा रडलो न्हाई, तेवढा त्या दिवशी रडलो."

उमरनं बांबूची छोटी चटई अंथरली. तिच्यावर समुद्रातल्या शेवाळाचा काळा पापुद्रा, पापुद्र्यावर भात. भात इंद्रायणीचा होता, वासावरून कळला. आमच्या घरी इंद्रायणी चिकट झाला की बायको हळहळायची. इथं तो चिकटावा म्हणूनच आणलेला दिसत होता. ओल्या बोटांनी त्यानं भात कडेपर्यंत सारखा केला, एका बाजूला बोटभर जागा मोकळी सोडली. मध्ये अंड्याची पट्टी. मग चटई उचलून गुंडाळी केली, दोन्ही अंगठे कडेवर ठेवून दाबली आणि तसाच थांबला.

मागं पोरं कशावर तरी टाळ्या पिटत होती. गेणभाऊ कुणाला तरी फोनवर सांगत होता की उद्या माल लवकर आण. त्या सगळ्या आवाजात उमर थांबलेला होता. त्याची छातीसुद्धा हलत नव्हती. मग त्यानं अंगठे उचलले आणि श्वास सोडला.

हे मी पाहिलेलं होतं. जुन्नरच्या दुकानात, फळीच्या अशाच अलीकडे उभं राहून. दिलावरभाई पुठ्ठ्याला खळ लावायचे, कापड चढवायचे, कडेला बोटभर जागा सोडून ते आत दुमडायचे आणि दोन्ही अंगठे कडेवर ठेवून थांबायचे. एकदा मी मध्येच काहीतरी विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही. अंगठे उचलल्यावर म्हणाले, "श्वास सोडला की बोट हलतं, सयाजीराव. बोट हललं की कड वाकडी."

उमरनं सुरी घेतली. एक काप, ओल्या फडक्यानं सुरी पुसली. दुसरा काप, पुन्हा पुसली. दिलावरभाईसुद्धा प्रत्येक कापाला खळ पुसायचे.

माझं एक वाईट आहे. मला काही दिसलं की लगेच दुसऱ्या क्षणी वाटतं, हे आपणच रचलं. पुस्तकं वाचून वाचून माणसाला सगळीकडे जुळवाजुळव दिसायला लागते. एका पत्राचं उत्तर सोपं व्हावं म्हणून मी नातवाच्या हातांवर आजोबांचे हात चढवत नसेन कशावरून? म्हणून धीर करून विचारलं.

"उमर, सुरी पुसायला कुणी शिकवलं?"

"पुण्यात शेफनं. सगळ्यांना शिकवतात, सर. न्हाई पुसली तर भात चिकटतो."

संपलं. मी मान हलवली आणि ताटलीतला पहिला तुकडा उचलला. काड्या जमेनात, हातानंच. चव मला नीट सांगता येणार नाही. भात गार होता, थोडा आंबट, अंडं गोडसर. पापुद्र्याला ओल्या विहिरीसारखा वास. आवडलं का, तर पहिला तुकडा नाही. चौथा आवडला.

"आन् दाबून थांबतोस ते?" मी विचारलं. इतकं मी सहसा विचारत नाही. गेणभाऊनं पेला भरला होता, त्याचाही असर असेल.

"कुठं थांबतो?"

"आत्ता थांबलास. श्वास धरून."

"मी? न्हाई."

"थांबतो तू," गल्ल्यावरून समरीन म्हणाली. "नेहमी थांबतो. मी हाक मारली तरी ओ देत न्हाई. मला आधी राग यायचा."

उमरनं आपल्या हातांकडे बघितलं, जणू कुणी त्यांच्याबद्दल तक्रार केली होती. "शेफ पण म्हणायचे, पाण्यात बुडी मारल्यासारखं काय करतोस. कुठून लागली सवय, काय म्हाईत."

मी पुढचा तुकडा उचलला. त्याला सांगायला हवं होतं, पण आधी ज्यांना सांगायचं ते जुन्नरला होते.

उमर फळी पुसत जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सर, दादांनी पाठवलं ना तुम्हाला?" आजोबांना तो दादा म्हणतो.

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो."

"ट्रॅक्टरवाल्याचं मला म्हाईत हाय. तुम्हाला खरं सांगतो. चार दिवस असं भरतं, तीन दिवस मी आन् समरीन एकमेकांचे पेले भरत बसतो. आवडलं न्हाई तर तसंच लिवा. दादा म्हणत्यात, सर दोन पुस्तकं देत्यात, पण खोटं एक देत न्हाईत."

तेवढ्यात पोरांच्या टेबलावरून हाक आली आणि तो कोळशाकडे गेला.

"दादा आले होते तेव्हा कुठं बसले?" मी समरीनला विचारलं.

"त्या कोपऱ्यात. आम्हीच बसवलं, पंख्याखाली, आरामात. लई गर्दी होती. उमरला डोकं वर काढता आलं न्हाई. दादा भिंतीकडं बघत जेवले आन् गेले."

मी कोपऱ्यातल्या त्या टेबलाकडे बघितलं. तिथून काउंटरवरच्या माणसांच्या पाठी दिसतात. हात दिसत नाहीत.

गेणभाऊचा पेला पुन्हा रिकामा झाला होता. त्याचं बोलणं चालूच होतं, पण पेला माझ्या बाजूला सरकवलेला होता. मी भरला. या वेळी सांडला नाही. मनात आलं, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही शेजाऱ्याचा रिकामा पेला दिसतो. मला वाटलं होतं, तासाभरात उठेन. वांगं झालं, मासा झाला, गेणभाऊच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची हकिगत झाली, आणि निघालो तेव्हा मार्केटमधले दिवे मालवायला लागले होते.

घरी येऊन लिहायला बसलो. "प्रिय दिलावरभाई" लिहिलं. चहा करायला उठावंसं वाटलं, उठलो नाही.

लिहिलं: "राहू द्या.

"हे पहिल्या ओळीत लिहितो आहे, नाहीतर शेवटपर्यंत लिहिणार नाही. भात गारच असतो, तसाच असायचा असतो असं दिसतं. मला चौथ्या तुकड्यापासून आवडला. धंदा चार दिवस चालतो, तीन दिवस नाही. हे उमरनंच सांगितलं, तेव्हा ते विचारात घ्या. माझा अंदाज चुकू शकतो, आणि चुकला तर ट्रॅक्टरवाला पुन्हा येणार नाही.

"पण तुम्ही चुकीच्या जागी बसलात. काउंटरवर डावीकडून दुसरं स्टूल आहे. तिथं बसा आणि तो गुंडाळी दाबतो तेव्हा त्याच्या अंगठ्यांकडे बघा. श्वासाकडेही बघा. मला जे दिसलं ते मी लिहीत नाही, कारण मी लिहिलं तर तुम्हाला तेच दिसेल. तुम्हाला नाही दिसलं, तर पहिली ओळ खोडा.

"तिथं आपला पेला आपण भरायचा नसतो. मी तिसऱ्या स्टुलावर बसेन. ऐकण्यासारखं काही नसतं, मुख्यतः टोमॅटोचे भाव असतात. गुरुवारी या, गुरुवारी गर्दी कमी असते. जीप सहाची आहे. मी स्टँडवर असेन."

वाचून बघितलं. "तुम्हाला नाही दिसलं, तर पहिली ओळ खोडा" या वाक्याशी बराच वेळ थांबलो. पुन्हा दोन पुस्तकंच पुढं केली होती मी. ते वाक्य खोडलं, नीट, वाचता येणार नाही असं. मग कडांना डिंक लावला आणि चिकटवलं. त्यांच्याइतकं जमलं नाही, एक कोपरा उघडा राहिला.

सकाळी पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीवरची वेळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. नऊची डाक अजून निघायची होती. पत्र आत टाकलं आणि ते खाली पडल्याचा आवाज ऐकून घरी आलो.