तलाव मोजणारी नळी

मित्रांनो, गोंदियातल्या मुन्नालाल यांच्या हार्डवेअरच्या दुकानात मी वेटोळं होऊन खिळ्यांच्या डब्यांवर टांगलेली असे. तेव्हा मी काचेसारखी स्वच्छ होते आणि साठ फूट लांब होते. एक दिवस देवीदास नावाचे गवंडी आले. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं. मुन्नालाल म्हणाले, "ले जाओ मिस्त्री, पानी एकदम साफ दिखेगा." आणि मी देवीदासांच्या पिशवीत जाऊन बसले.

गवंडी लोक मला लेव्हलची नळी म्हणतात. माझ्यात पाणी भरतात. माझं एक टोक एक माणूस धरतो, दुसरं टोक दुसरा, आणि दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. मधे भिंत असो नाहीतर आख्खं घर, पाणी चुकत नाही. त्या पाण्यावरून खुणा केल्या की पाया सपाट येतो.

देवीदासांचं गाव सौंदडपासून दोन कोसांवर. त्यांनी माझ्या मदतीने घरं बांधली, विहार बांधला, शाळेचा व्हरांडाही बांधला. देवीदासच्या ओट्यावर गोटी ठेवली तरी जागची हलत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकलं की मलाही बरं वाटे. माझं दुसरं टोक धरायला सुट्टीच्या दिवसांत त्यांची मुलगी अल्का येई. ती सारखं विचारायची. पाण्याला कसं समजतं? नळी वाकडी केली तर? मधे खड्डा असला तर? देवीदास म्हणत, "पानी आहे ते. त्याले समजते." अल्काला ते उत्तर पुरत नसे.

१९९९ साली अल्का नववीत गणितात नापास झाली. तिच्या वर्गात सत्तरच्या वर मुलं होती. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांना पुस्तक संपवायचं होतं. अल्का एखाद्या प्रश्नावर अडली की तिथेच अडून राही आणि वर्ग चार धडे पुढे निघून जाई. परीक्षेच्या पेपरात तिने एकच गणित तीन पद्धतींनी सोडवलं होतं, बाकीची कोरी ठेवली होती. निकालाच्या दिवशी तिने घरी सांगितलं की ती पुन्हा त्या वर्गात बसणार नाही.

त्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तिथे एक वेळ उपाशी राहणं चालत होतं, शाळा सोडणं चालत नव्हतं. देवीदासांनी हातातली थापी खाली ठेवली.

"आमच्या आजाले कोनी शाळेच्या पायरीवर उभं राहू देल्लं नाही," ते म्हणाले. "आन् तू आपल्या पायानं उतरून राहिली?"

"शाळेतून उतरून राहिली, बाबा. शिकण्यातून नाही."

दोन दिवस हाच वाद चालला. शेवटी अल्काची आई पार्वताबाई मधे पडली. ती दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणं म्हणजे लावणी करणारी बाई. तिने तोडगा काढला. अल्काने दिवसभर बाबांबरोबर कामावर जायचं. रोज संध्याकाळी आज काय समजलं ते वहीत लिहायचं. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा घरून द्यायची. त्यात नापास झाली तर मुकाट्याने नववीच्या वर्गात बसायचं. अल्काने मान्य केलं.

मित्रांनो, अशी सुरू झाली तिची शाळा. लोकांना वाटलं, पोरगी मजुरीला लागली. पाट्या वाहायला ती होतीच. पण तिच्या पाटीत चुलतभावाचं फाटकं भूमितीचं पुस्तकही असे.

एक दिवस देवीदास पायाची आखणी करत होते. कोपरा काटकोनात यावा म्हणून त्यांनी दोरीने एका बाजूला तीन फूट मोजले, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं अंतर पाच आलं का ते पाहिलं. अल्का बघतच राहिली. तिने पुस्तक काढलं. ज्या प्रमेयाने तिला वर्गात रडवलं होतं, ते समोर मातीत पडलेलं होतं. तिने वडिलांना सांगितलं की हे पायथागोरसचं आहे. देवीदास म्हणाले, "कोन तो? मले तं माह्या बापानं शिकवलं." त्या संध्याकाळी तिने वहीची अकरा पानं लिहिली.

पुढच्या वर्षी गावच्या तलावाच्या दुरुस्तीची बातमी आली. आमच्याकडे गावोगाव असे जुने तलाव आहेत. हा तलाव खेमराज यांच्या पूर्वजांनी बांधलेला. खेमराज आता सत्तरीचे झाले होते. तुडूम उघडून शेतांना पाणी सोडायचं काम त्यांच्याच घराकडे होतं. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, मातीच्या बांधातलं, पाणी सोडायचं दार. जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जाई. तो सांडवा दोन फूट उंच करायचा, म्हणजे पाणी जास्त साठेल आणि उन्हाळी धान होईल, असं ठरत होतं. गाव खूश होतं. खेमराजही खूश होते, कारण त्यांची शेतं पाळीच्या खालीच होती.

अल्काच्या मनात मात्र प्रश्न आला. सांडव्यावर पाणी दोन फूट चढलं, तर ते तलावाच्या वरच्या अंगाला कुठपर्यंत येईल? वरच्या अंगाला अल्काच्या घरची टोली, म्हणजे वस्ती, होती, टोलीची शेतं होती, पिण्याच्या पाण्याची विहीर होती. तिने मला खुंटीवरून काढलं. खेमराज यांची नात पुष्पांजली तिच्या वयाची होती. ती दुसरं टोक धरायला आली. दोघींनी सांडव्यावर दोन फुटांची खूण केली आणि पन्नास पन्नास फुटांवर खुंट्या ठोकत ती उंची टोलीपर्यंत आणली. एकतिसावी खुंटी एका घराच्या भिंतीवर आली. म्हणजे त्या घरात आणि त्याच्या ओळीतल्या आणखी आठ घरांत पाणी शिरणार होतं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अल्का उभी राहिली आणि टोलीतली नऊ घरं बुडतील असं तिने सांगितलं. सभेला इंजिनियर साहेब आले होते. त्यांनी आधी विचारलं, "कोणत्या वर्गात आहेस?"

"कोनत्याच नाही," अल्का म्हणाली.

लोक हसले. तरी साहेबांनी तिपाईवर मोजणीची दुर्बीण लावून तिची शेवटची खुंटी तपासली. खुंटी वीतभर चुकली होती. मग हसणं वाढलं. नापास पोरगी तलाव मोजायला निघाली, असं कोणीतरी म्हणालं. देवीदास मान खाली घालून सभेतून उठून गेले.

मित्रांनो, ती चूक माझ्या पोटात होती. घाईने पाणी भरताना माझ्यात हवेचा बुडबुडा राहिला होता, करंगळीएवढा. त्यामुळे दोन टोकांतलं पाणी सारखं थांबत नव्हतं. मला बोलता आलं असतं तर मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं.

अल्का रडली. मग तिने मला पाण्यासकट अंगणात सरळ पसरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपत गेली. चाळिसाव्या फुटाशी तिला बुडबुडा दिसला.  त्या दिवशी तिने वहीत एकच ओळ लिहिली: "चूक कुठे होती ते सापडलं." पार्वताबाईला वाचता येत नव्हतं. तिने ती ओळ अल्काकडून दोनदा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी अल्का कामाला लागली. या वेळी ती नुसती टोलीपर्यंत जाणार नव्हती. तलावाला पूर्ण फेरी मारून पुन्हा सांडव्यावर यायचं तिने ठरवलं. जिथून निघालो तिथेच तीच उंची परत मिळाली, तर मोजमाप खरं. नाही मिळाली तर खोटं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वीतभर चुकीने शिकवलं होतं. ती माझ्यात हळूहळू पाणी भरी, बुडबुडे बोटाने टिचकी मारून बाहेर काढी, आणि प्रत्येक खुंटी दोनदा मोजी, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पुष्पांजलीचे हात भरून येत, पण तीही मागे हटली नाही. घरी तिला बोलणी खावी लागत होती. आपल्याच शेताचं पाणी कमी करायला काऊन जातेस, असं तिचे वडील विचारत. ती म्हणे, "कमी करायले नाही, मोजायले जाऊन राहिली."

चौथ्या दिवशी खेमराज स्वतः पाळीवर येऊन बसले.  मोजणी पाहत राहिले. आठव्या दिवशी देवीदास आले. त्यांनी पुष्पांजलीच्या हातातून माझं टोक घेतलं आणि म्हणाले, "तू बस थोडी." उरलेल्या खुंट्या बापलेकीने ठोकल्या.

ब्याऐंशी खुंट्या झाल्या. शेवटची सांडव्यावरच्या पहिल्या खुणेशी लावून पाहिली. फरक एका बोटाचा होता.

निकाल वेगळा आला. घरं वाचत होती. अल्काचं पहिलं बोलणं खोटं ठरलं होतं. पण विहीर पाण्याखाली जात होती आणि टोलीची चौदा एकर शेतीही. काम सुरू होण्याआधी पुन्हा सभा बसली. अल्का उभी राहिली आणि आधी आपली चूक सांगितली. नऊ घरं बुडतील असं मी म्हटलं होतं, ते चूक होतं, कारण नळीत हवा होती. मग तिने नवा नकाशा जमिनीवर पसरला आणि साहेबांना म्हणाली, "तुमी वाटेल ती खुंटी तपासा. एक नाही, दहा तपासा."

साहेब मनाने सरळ होते. त्यांनी दहा नाही, चौदा खुंट्या तपासल्या. दुपार झाली. त्यांनी दुर्बीण मिटली आणि कबूल केलं की वरच्या अंगाची मोजणी त्यांच्या कागदावर नव्हतीच, नकाशा जुना होता. सभेत कोणी हसलं नाही. पण पाळीखालचे शेतकरी नाराज झाले. पाणी कमी मिळेल म्हणून कुरकुर सुरू झाली. तेव्हा खेमराज काठी टेकत उठले.

"हा सांडवा माह्या आजानं बांधला," ते म्हणाले. "त्यानं तो एवढाच उंच काऊन ठेवला, हे मले आज समजलं. या पोरीनं समजावलं. आता जो दोन फुटाची गोष्ट काढंल, त्यानं आधी त्या बुडालेल्या विहिरीचं पानी प्यावं, मंग बोलावं."

दोन फुटांऐवजी, विहीर आणि टोलीची शेतं बुडणार नाहीत एवढाच, नऊ इंच सांडवा वाढला. विहीर कोरडी राहिली, म्हणजे बाहेरून कोरडी. आत पाणी होतं आणि ते गोड होतं.

२००२ च्या मार्चमध्ये अल्काने सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावीची परीक्षा दिली. इंग्रजीत ती जेमतेम काठावर निघाली. भूमितीत तिला पैकीच्या पैकीपेक्षा दोनच गुण कमी मिळाले. देवीदासांनी गुणपत्रिका बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. नववीच्या वर्गाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुढे अल्का तलावांच्या दुरुस्तीच्या कामांवर मोजणी करू लागली. तिला तिपाईवरची दुर्बीण मिळाली. आणि मी विसरले गेले. देवीदासांच्या डोळ्यांना माझ्यातलं पाणी दिसेनासं झालं होतं. मला एकदा कपडे वाळत घालायला बांधलं. एकदा माझ्यातून पंपात डिझेल ओतलं, तो वास कित्येक महिने गेला नाही. उन्हाने मी पिवळी पडले. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. पण कामाच्या वस्तूला बिनकामाचं पडून राहणं फार जड जातं.

२०११ साली अल्काने मला शोधून काढलं. कुरतडलेला भाग कापला, सोड्याच्या पाण्याने धुतलं. आता मी बेचाळीस फूट उरले आहे. तलावाच्या पाळीवर रोज सकाळी काही मुलं तिच्याकडे येतात. कोणाची शाळा सुटलेली आहे, कोणी शाळेत जाऊनही मागे पडलेलं आहे. तिथे घंटा नाही. ज्याचा जो प्रश्न, तो त्याने वहीत लिहायचा आणि त्याच्या मागे लागायचं. कोणी तलावातले मासे मोजतं, कोणी म्हाताऱ्यांकडून जुन्या धानाची नावं लिहून घेतं. ज्यांना परीक्षा द्यायची ते फॉर्म भरतात, अल्का त्यांना कंटाळवाणे धडेही करायला लावते. टाळू देत नाही.

त्यात प्रेमिला नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. तिचे आईवडील तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जातात, म्हणून तिची शाळा दरवर्षी तुटते. काल तिने माझं टोक धरलं आणि विचारलं, "ताई, एक टोक उन्हात असलं आन् एक सावलीत, तं पानी सारखंच राहीन का?"

 वीस वर्षं अल्का मला ओळखते, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "चाल, पाहू."

आधी दोन्ही टोकं सावलीत शेजारी धरून पाणी सारखं असल्याची खूण केली. मग एक टोक उन्हात बांधलं, एक मोहाच्या सावलीत. मुलं तासभर बसून राहिली. उन्हातलं पाणी नखभर वर चढलं. प्रेमिलाने तीनदा टोकं बदलून पाहिली, तिन्ही वेळा तेच झालं. मग तिने वहीत तारीख घातली, चित्र काढलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. अल्काने ते पान आपल्या वहीत उतरवून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात असं एखादं मूल असेल. वर्ग पुढे गेला आणि ते एका प्रश्नापाशी थांबलं असेल. त्याला आळशी म्हणू नका, हसू नका. त्याच्या हातात खरं काम द्या, चुकायला जागा द्या, आणि चूक शोधायला वेळ द्या. तुम्हीच ते मूल असाल तर धीर सोडू नका, पण सबबही सांगू नका. शाळा सुटली म्हणून कष्ट सुटत नाहीत, उलट वाढतात. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडलेली दिसली, तर ती धुऊन, पुसून सावलीत ठेवा. ती कोणत्या मुलाला काय शिकवील, हे ते मूल हात लावेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.