उजव्या बाजूचा श्वास

कापणी विभागात सगळे तिला मास्तरीण म्हणत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि यंत्राच्या पात्याने सगळे थर एकदम कापायचे, हे तिचं काम. बारा वर्षांत तिची एक बाही वाकडी गेली नव्हती.

दोन वर्षांपासून मात्र दर महिन्याला तीन-चार दिवस तिच्या उजव्या खांद्यात कळ यायची आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. पहिल्या डॉक्टरने गॅस सांगितला, दुसऱ्याने दम्याचा पंप दिला. तिसऱ्याने एक्स-रे काढला, पण तोवर आठवडा उलटला होता. फोटो स्वच्छ आला, आणि मनाला लावून घेऊ नका असं सांगून त्याने तिला वाटेला लावलं. ते दिवस पाळीचे असतात हे तिने एकालाही सांगितलं नाही. छातीच्या दुखण्यात ते कशाला काढायचं? सासूच्या मात्र ते ध्यानात आलं होतं. आम्हीही बायकाच होतो, पण असले लाड कुणी केले नाहीत, असं ती भांडी लावता लावता म्हणायची. नवरा मालाची गाडी चालवायचा. तो आईला दुजोरा द्यायचा नाही, पण तिला गप्पही करायचा नाही.

मग एक दिवस सुपरवायझर बाईंनी तिच्या हातात मेमो ठेवला. दोन वर्षांतल्या तिच्या सगळ्या रजा तारखांसकट टाइप केल्या होत्या. आजारपणाचं सोंग करून ठरवून दांड्या मारता, खुलासा द्या, असं खाली लिहिलं होतं. तिने तारखा वरून खाली वाचल्या. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांचं अंतर, एकदाही चुकलेलं नाही. मेमो घडी करून तिने पर्समध्ये टाकला आणि पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी, धापा टाकत, मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेमो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे पाळीतच होतं?"

ती हो म्हणाली. तिला एकदम रडू आलं.

त्याच दिवशीच्या एक्स-रेत उजवं फुप्फुस निम्मं मिटलेलं दिसलं. बरगड्यांमधून नळी घालून छातीत साठलेली हवा काढली, आठवड्याने ऑपरेशन झालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ठिपके छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर रुजले होते. पाळी आली की तेही पाझरायचे, आणि त्यांनी पडद्याला भोकं पाडली होती. त्यांतून हवा छातीत शिरून फुप्फुस मिटायचं. डॉक्टरांनी ती भोकं शिवली. पाळी बंद ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या.

कामावर परतली तेव्हा तिच्या टेबलावर दुसरी बाई होती. कापणीचं यंत्र हिला जड जाईल, म्हणून हिला बटणांवर बसवलं होतं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, आधी सांगायचं ना. छातीत दुखतं म्हणून दर वेळी सांगितलं होतं, असं ती म्हणाली, पण त्या तोवर पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या. मेमो मागे घेतल्याचं पत्र कधीच आलं नाही.

तपासणीला नवरा सोबत आला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याने एकच गोष्ट विचारली, "गोळ्या कधी बंद करता येतील?"

बंद केल्या तर पाळी येईल आणि दुखणं परत उलटू शकेल, पण तिची स्वतःची इच्छा असेल तर नीट लक्ष ठेवून प्रयत्न करता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याने फक्त शेवटचं ऐकलं. घरी येताना तो वर्षभराचा बेत आखत होता. जिन्यात ती थांबली.

"मी गोळ्या सोडणार नाही. निदान आत्ता तरी नाही."

"माझा काही विचार?"

"निम्म्या फुप्फुसावर दोन वर्षं काढली मी. तेव्हा तू कुठे होतास?"

गाडीवरच होतो, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. रविवारी आईला घेऊन तो भावाकडे गेला, चार दिवस म्हणून. दीड महिना झाला. फोन करतो, गोळ्यांचं विचारतो.

ती रोज तीन मजले न थांबता चढते. वर पोचली की दार उघडून रिकाम्या घरात जाते आणि एका माणसापुरता भात लावते.