झोपेच्या वेळी संपणारी बोली

ताईंचा नियम साधा होता: आईला वेळ द्यायचा नाही.

बाकीच्यांना खुशाल द्यावा. जुन्या घड्याळांचे, कॅमेऱ्यांचे शौकीन असतात, त्यांच्यासाठी दहा दिवसांची मुदत लावायची. ते येतात, बघतात, मित्राचं डोकं खातात, परत येतात आणि शेवटी हट्टाला पेटून बोली चढवत नेतात. मुदत संपवायची ती सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, माणूस हातपाय ताणून फोन घेऊन पडलेला असताना. पण आईला दहा दिवस मिळाले की ती सावरते. कुठल्यातरी जुन्या झग्याचं बाहुलं शिवून देते, आणि पोर थोडं रडून त्यालाच बिलगून झोपायला लागतं. म्हणून हरवलेल्या खेळण्याचा लिलाव सकाळी लावायचा आणि त्याच रात्री आठला संपवायचा.

"आठला पोरं झोपेला येतात," आमटीला फोडणी कधी द्यावी हे सांगावं तशा सुरात ताई सांगायच्या. "पोर आतल्या खोलीत रडतंय म्हटल्यावर आईचं बोट थांबत नाही."

ताई म्हणजे थोरली नणंद; धाकट्या भावजयीला त्या धाकटीच म्हणायच्या. जुनी मऊ खेळणी त्या पोत्यांनी विकत घ्यायच्या, त्यातूनही कारखान्यांनी काढायची बंद केलेली हुडकून वेगळी ठेवायच्या. पोराचं लाडकं खेळणं हरवलं की आया नेटवर फोटो टाकून विचारतात, असं कुणाकडे आहे का हो? लोक सकाळी पेपर वाचतात, ताई चहाबरोबर हे वाचायच्या. तसं खेळणं कपाटात निघालं तर त्या बाईला उत्तर द्यायच्या नाहीत. लिलाव लावायच्या.

नवऱ्याची नोकरी गेल्यापासून धाकटी, नवरा आणि दोन वर्षांची पिटुकली ताईंच्याच घरात राहत होती. नवरा दिवसभर कामाच्या शोधात. धाकटी खेळणी धुवायची, उसवलेलं शिवायची, फोटो काढायची. लाळेने चामट झालेले कान, चोखून चोखून काळी पडलेली शेपटी, हे सगळं ती कोमट पाण्यात बोटांनी चोळायची, आणि त्याची तिला कधी घाण वाटली नाही. उलट कुठल्या पोराने कुठे धरलं असेल ते हाताला कळायचं. घाण वाटायची ती फोटोच्या वेळी. ताई मागून म्हणायच्या, "एक डोळा सैलच ठेव गं. बिचारा दिसला पाहिजे." मग तिला आपल्याच हाताची शिसारी यायची, आणि तरी डोळा ती सैल ठेवायची, कारण राहायला दुसरं घर नव्हतं.

त्या दिवशी लावला होता तो राखाडी हत्ती, कानांना आतून पिवळं कापड असलेला. दुपारी एका बाईचा निरोप आला. कानाचं पिवळं कापड मखमली आहे की साधं, तिने विचारलं होतं. तिची मुलगी त्याला गब्बू म्हणते, गब्बू बसमध्ये राहिला, तेव्हापासून मुलगी रात्रीची धड झोपत नाही. लिलाव राहू द्या, सांगाल ती किंमत आत्ता देते, असंही लिहिलं होतं. ताईंनी धाकटीकडून उत्तर लिहून घेतलं, की कापड मखमली आहे आणि लिलाव ठरल्या वेळीच संपेल.

तासाभराने एका पुरुषाचा निरोप आला. त्यालाही कानाची चौकशी करायची होती, आणि घरी पोचवायचा खर्च किती ते. मुलीचा गब्बू बसमध्ये राहिला, म्हणाला. खात्यावरची वस्तीही त्या बाईचीच.

धाकटीला आधी हसूच आलं. एकाच घरातले दोघं, एकमेकांना न सांगता लेकीसाठी धडपडतायत. बोली लावणाऱ्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत, विकणाऱ्याला तेवढी दिसतात. तिने फोन ताईंपुढे धरला आणि म्हणाली, कळवून टाकते हं, बिचारे आपापसातच बोली लावत बसतील.

ताईंनी चष्मा वर सरकवून दोन्ही निरोप पुन्हा वाचले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की धाकटीचं हसू जागच्या जागी वाळलं.

"हात लावू नकोस," ताई म्हणाल्या. "अशी जोडी वर्षातून एकदा मिळते."

धाकटी म्हणाली की हे बरं दिसत नाही. ताई म्हणाल्या, आपण कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नाही, नवरा-बायको घरात एकमेकांशी बोलत नसतील तर तो काय दुकानदाराचा दोष? शिवाय भाड्याचं कुणी तुला कधी विचारलं का या घरात, हेही त्यांनी हसत हसत ऐकवलं. धाकटीने फोन उपडा ठेवला.

संध्याकाळी ती पिटुकलीला मांडीवर घेऊन भरवत होती, फोन समोर उभा. पिटुकली एक घास खायची आणि एक घास फोनमधल्या हत्तीला द्यायची, त्यामुळे पडद्यावर भाताची शितं चिकटली होती. शितांखाली आकडा हलायला लागला. बाईने चढवला, बाप्याने त्यावर चढवला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बाई. आठ वाजत आले तसा वेग वाढला. नव्याकोऱ्या हत्तीच्या चौपट किंमत झाली आणि बाप्याने एकदम मोठी उडी घेतली, तेव्हा धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "आता तू."

ती त्या बाईला म्हणाली होती. क्रिकेट बघताना म्हणावं तसं. आता तू चढव.

दोन खोल्यांमध्ये दोन माणसं अंधारात फोन छातीशी धरून बसलेली, मधे कुठेतरी ते पोर रडतंय, आणि आपण इथे भाताचा घास हातात धरून वाट बघतोय की अजून किती. ताईंची तर कधीपासून घाण वाटत होती. ही घाण आपल्या घशातून वर आलेली होती, ती कुणावर ढकलणार?

तिने खरकटा हात झग्यालाच पुसला आणि दोघांना एकच ओळ पाठवली: थांबा, तुमच्या घरातलंच माणूस तुमच्या बोलीवर बोली चढवतंय, आधी विचारून घ्या.

आकडा थांबला. आठ वाजले. हत्ती बाप्याच्या नावावर संपला.

स्वयंपाकघरातून ताई आल्या, नेट गेलं की काय, म्हणत. मग त्यांनी निरोप वाचला. ओरडल्या नाहीत. तेवढ्यात बाप्याचं उत्तर आलं, ते त्यांनीच मोठ्याने वाचलं. आभार मानले होते. महिनाभर आम्ही बोलत नाही, लिहिलं होतं, ती आतल्या खोलीत झोपते मुलीला घेऊन. आज दार वाजवून विचारलं. पैसे भरलेत, हत्ती लवकर पाठवा.

ताईंनी फोन खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं असेल असं धाकटीला क्षणभर वाटलं.

"बघ," ताई म्हणाल्या, "महिनाभर बोलत नव्हते. म्हणजे अजून कितीतरी चढली असती."

मग त्यांनी फर्मावलं की हत्ती धुताना फाटला म्हणून कळव, पैसे परत कर. महिन्याभराने दुसऱ्या नावाने लावू, तोवर पोरगी काय विसरत नाही.

धाकटीने पिटुकलीला कडेवर घेतलं, हत्ती खोक्यात घातला, वर पत्ता लिहिला आणि चपला सरकवल्या. ताई दारापर्यंत मागे आल्या, हे घर कुणाचं आहे याची आठवण करून देत. कोपऱ्यावरचं कुरिअरवाल्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. धाकटीने वाकून खोकं आत सरकवलं. आज नको, उद्या आणा, म्हणाला तो. पिटुकली त्याला "हत्ती बाबू, हत्ती बाबू" सांगत राहिली, तेव्हा त्याने वैतागून पावती फाडली.

परत आली तर ताईंनी दिव्याखाली एक माकड मांडलं होतं. उद्याचं. एका बाईने सकाळीच विचारलं होतं म्हणे.

"याला ठरलेली किंमत लावा," धाकटी दारातूनच म्हणाली, "आणि त्या बाईला आत्ता कळवा. नाहीतर धुवायला दुसरी बघा. आम्ही महिनाअखेरपर्यंत जागा शोधतो."

नवऱ्याला तिने अजून विचारलंही नव्हतं.

ताईंना खरंच नवल वाटलेलं दिसलं. एखाद्या अडाण्याला समजवावं तशा त्या म्हणाल्या, "अगं धाकटे, ठरलेल्या किमतीला कोण रडतं?"

धाकटीने आत जाऊन पिटुकलीला झोपवलं, आणि मग कपडे भरायला खाटेखालची बॅग ओढली.