भूकंपाचा तास

लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून शरदचंद्र सर वृद्धनिवासात राहायला आले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जेवणघरात वेळापत्रक लावलं. सकाळी व्यायाम, दहाला व्याख्यान. पहिला विषय भूकंप.

चौघंजण आले. त्यात किल्लारीच्या साखराबाई होत्या. सरांनी फळ्यावर लाटा काढल्या आणि सांगितलं, "मोठा धक्का साधारण चाळीस सेकंद टिकतो."

"लई झाले की," साखराबाई म्हणाल्या. "आमच्या घराला पडायला तेवढे लागले न्हाईत."

सरांनी खडू खाली ठेवला. "तुम्ही घरात होता?"

"हाव. दोन दिस ढिगाऱ्याखाली."

मग दगडमातीची भिंत कशी कोसळते, आत श्वास कसा जपायचा, हाका कधी मारायच्या, हे साखराबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं. सर पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात सरांच्या नावावर काट होती आणि शेजारी साखराबाईंचं नाव. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनीच ते वाचून दाखवलं.

"रोज शिकवायचं का?" साखराबाईंनी विचारलं.

"रविवारी सुट्टी."

"मग जमंल. रविवारी नात येती."