दुसऱ्या कडव्यातला बास

स्वयंपाकघर

"मामा, तुमचा फ्रिज बेसूर गुरगुरतोय," आतून ठोक्या म्हणाला.

"त्याला बंद कर आणि तू वाज."

ठोक्या म्हणजे बँडचा ड्रमर. ओट्याशेजारी रबरी पॅड मांडून बसलेला. मामा म्हणायचा हक्क खरा एकट्या भाचीचा, पण तिच्यामागून अख्ख्या बँडनं तो लुबाडला होता.

बाथरूम

भाची. बँडचा गळा. पालथ्या बादलीवर बसून गायची.

"मामा, इथं माझा आवाज फारच गोड लागतो. रेकॉर्डिंग इथंच उरकू."

"नळ सोड, साथही मिळेल," हॉलमधून गिटारवाला लंबू.

पॅसेज

इथं मामा. चारी दारांखालून आलेल्या वायरी त्यांच्या पुढ्यातल्या, आवाज जुळवायच्या छोट्या मिक्सरला जोडलेल्या. स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या खोलीत कोंडतात, आणि हे चौघं आजवर एकमेकांच्या माना बघून वाजवत आलेले. नजर तुटली की गाणं पांगायचं. म्हणून मामांनी त्यांना घरातच वेगळं बसवलं होतं. दारं लावा, हेडफोन घाला, एकमेकांना ऐका. पहिल्या दिवशी नुसता बाजार भरला होता.

बेडरूम

चौथी खोली लागली नसती, तर हे दार उघडलंच नसतं. बायको वारल्यापासून मामा हॉलमधल्या दिवाणावर झोपत. मौनी (हा बास गिटार वाजवणारा, बोलणं जिवावर येणारा) उंबऱ्यावर अडखळला होता. "कुठंही बसू ना?" मामांनी मान हलवली. तो पलंगाच्या खिडकीकडच्या कडेला बसला. ती तिची बाजू.

फोन

स्टुडिओवाला. "उद्याची वेळ धरू, की परत पुढं ढकलायची? तयार झाली का पोरं?"

"थांब जरा. सांगतो."

पोरं केव्हाच तयार झाली होती. गेल्या आठवड्यात एकदा गाणं असं जुळलं, की मामांचे हात मिक्सरवरून आपोआप खाली आले. वाजवून झाल्यावर चारी दारं उघडली, चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मामा म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात बास मागे पडतोय. उद्या परत या."

बास मागे पडत नव्हता. पण जमलं म्हटलं असतं, तर उद्यापासून घरात कुणी आलं नसतं. आणि बाकीच्या तिघांपैकी कुणाला नाव ठेवलं असतं, तर त्यांनी भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. मौनी भांडत नाही. तेव्हापासून रोज तेच कडवं, रोज तोच बास.

बेडरूम, आज

वाजवणं संपलं तरी मौनी बाहेर आला नाही. मामा आत गेले. त्याच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"मामा, दुसरा कुणी बघा. माझ्यापायी सगळे अडकलेत."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. रोज." आवाजात तक्रार नव्हती. "घरीही तेच वाजवतो. पण ते मागे पडणं मला ऐकूच येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्यानं कशाला वाजवायचं?"

बाहेर ठोक्या आणि लंबूची कोणती वायर कुणाची यावरून जुंपली होती. भाची दोघांनाही झापत होती. मामा जरा वेळ ते ऐकत राहिले.

"तू मागे नव्हतास," ते म्हणाले. "एकदाही नाही."

मौनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खोलीकडे. मग बास खोळीत घालायला घेतला.

मामांनी तिथूनच फोन लावला. "उद्याची धर. आणि मधेमधे टोकू नकोस त्यांना. एका दमात देतील."

पॅसेज

वायरी गुंडाळून झाल्या.

"सकाळी तुम्हाला न्यायला येते," भाची म्हणाली.

"मला कशाला? ऐकायला तिथं त्यांचा माणूस आहे."

"बिघडलं तर तुमच्या नावानं खडे फोडीन हं."

"नाही बिघडणार."

जिन्यातही त्यांची बडबड चालूच होती. मग खालचं फाटक वाजलं.

बेडरूम

खिडकीकडच्या कडेला गादी दबली होती. चादर चुरगळली होती. ती सारखी करायला मामांनी हात नेला आणि तसाच मागे घेतला. बाहेर अजून धड अंधारही पडला नव्हता. दिवाणावरची उशी आणून ते भिंतीकडच्या बाजूला, आपल्या जागी, आडवे झाले.