दोनदा ‘या’

जांभळ्या जॅकेटमधली ती बाई आपल्या मागावर आहे, हे यामिनीला बसमध्येच कळून चुकलं होतं. उत्तर जर्मनीतल्या नॉर्डेन स्टेशनवरून बोटीच्या धक्क्याकडे जाणारी बस अर्धी रिकामी, तरी बाई नेमकी या मायलेकींच्या समोरच्या सीटवर, यांच्याकडे तोंड करून बसली. सत्तरीची असेल. पांढरे केस बारीक कापलेले. क्रांतीकडे बघून हसली, मग यामिनीकडे बघून हसली आणि मग क्रांतीच्या बुटांकडे बघत राहिली. यामिनीनं पोरीला जवळ ओढून घेतलं.

यामिनी काही सहलीला निघाली नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ‘कुर’ला निघाली होती. आई आणि मूल, तीन आठवडे, एका छोट्या बेटावर, समुद्राच्या हवेत. पाच वर्षांच्या क्रांतीचा हिवाळाभर न हटलेला खोकला हे एक कारण. दुसरं यामिनीनं आपल्याच तोंडानं ओढवून घेतलेलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, तुम्ही स्वतः कशा आहात, तर ही बोलून गेली की नवरा दिवसभर लॅबमध्ये, मी घरात, कधीकधी वाटतं बाथरूमचं दार आतून लावून घ्यावं आणि उघडूच नये. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर टाइप केलं. बराच वेळ टाइप केलं.

“जपून हं,” एर्लांगेनला यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारी मैत्रीण कादंबरी म्हणाली होती. “अशा ठिकाणी बघतात, तू आई म्हणून कशी आहेस ते. युगेंडआम्टची माणसं काय पाटी लावून फिरत नाहीत.”

युगेंडआम्ट म्हणजे मुलांचं हित बघणारं सरकारी ऑफिस. त्याच्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी इथल्या मराठी आया आवाज खाली आणून सांगतात, आणि सगळ्या गोष्टींचा शेवट एकच असतो, की मूल घरातून नेलं. नवरा, धम्मपाल, हसला होता. “अगं, त्यांना दुसरी कामं नाहीत का?” त्याला हसायला काय जातंय. बाथरूमच्या दाराचं तो थोडाच बोलला होता.

धक्क्यावर निराळाच प्रकार. सामान बरोबर न्यायचं नाही, जाळीच्या गाड्यांमध्ये टाकून द्यायचं, म्हणे ते पलीकडे मिळतं. पावती नाही, गाड्यांना कुलूप नाही. यामिनी बॅगेचा दांडा धरून उभी राहिली, तेवढ्यात जांभळं जॅकेट शेजारी हजर.

“बिनधास्त ठेवा,” बाई जर्मनमध्ये म्हणाली. मग वाकून बॅगेवरचा पत्ता वाचला. “आहा, कुरहाउसला चाललात.”

माझे हात मोकळे व्हायची हिला एवढी घाई का, असं यामिनीच्या मनात आलं. पण मागे रांग खोळंबली होती. तिनं बॅग ठेवली आणि क्रांतीचं मनगट धरलं.

बोट सुटली. भरती अजून पुरती चढली नव्हती, दोन्ही बाजूंना चिखलाचे पट्टे उघडे होते आणि मधल्या अरुंद पाण्यातून बोट वाट काढत चालली होती. खालच्या मजल्यावरच्या बाकावर मायलेकी बसल्या. वर जायच्या जिन्यापाशी जांभळं जॅकेट. बाईनं डब्यातून सफरचंदाची फोड काढून क्रांतीपुढे धरली आणि विचारलं, “आणि पपा कुठेत तुझे?”

“पपा आर्बाइटेट,” क्रांतीनं पपा कामावर असल्याचं सांगून टाकलं. तिला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र जर्मनच. यामिनीनं फोड तिच्या हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

तेवढ्यात नांदेडहून सासूबाईंचा फोन.

“पोचलीस का गं?”

“बोटीत आहे, आई.”

“एकटीच? त्या खोकणाऱ्या पोरीला घेऊन?”

“अहो, हे आई आणि मुलाचंच असतं.”

“असलं कसलं औषध बाई, नवऱ्याला सोडून घ्यायचं.” इंजिनाची घरघर वाढली. सासूबाई गेल्या वर्षी एर्लांगेनला महिनाभर राहून गेल्या होत्या आणि तिथल्या लोकांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. हो म्हणायला सारखं ‘या, या’ करतात, पण चहाला बोलवत कुणी नाही. “मी काय म्हणते, उन्हाळ्यात परत येऊ का? तुलाच हातभार.”

यामिनीनं खिडकीकडे तोंड केलं आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. नाही कसं म्हणायचं? कुणीतरी तिची बाही ओढत होतं, काहीतरी विचारत होतं. तिनं न बघताच कोपरानं थांब अशी खूण केली आणि आवाज चढवून म्हणाली, “विचारताय काय, आई? या, या.”

फोन ठेवून ती वळली तर बाकावर फक्त क्रांतीची टोपी होती.

जिन्यापाशी जांभळं जॅकेट नव्हतं.

बोटीवरून कुणी कुठे जाणार, हे डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. ओल्या लोखंडी पायऱ्यांवर ती दोनदा घसरली. वरच्या डेकवर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच तिला दिसलं, कठड्याशी जांभळं जॅकेट आणि त्याच्या मुठीत क्रांतीच्या कोटाला मागे जोडलेली टोपडी.

“सोडा तिला. कुणी परवानगी दिली तुम्हाला?”

जर्मन वाक्य इतकं बिनचूक तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. डेकवरची माणसं वळून बघू लागली. झालं, यामिनीला वाटलं. आईचं लक्ष नव्हतं, आई चारचौघांत ओरडली. आता सगळं लिहिलं जाणार.

“तुम्हीच दिलीत,” बाई टोपडी न सोडता म्हणाली. “मुलीनं विचारलं, आजीबरोबर वर सील प्राणी बघायला जाऊ का. तुम्ही या म्हणालात. दोनदा. चांगलं मोठ्यानं.”

“डू हास्ट या गेझाग्ट,” क्रांतीनं साक्ष दिली. तू या म्हणालीस.

यामिनीनं हातातला फोन पुढे केला. मग म्हणाली, “ते सासूबाईंना होतं. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे… यावं. इकडे या.”

बाईनं फोनकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही सासूला घरी बोलावलंत.”

“हो.”

“आणि त्या येणार?”

यामिनीच्या हातात फोन थरथरला. सासूबाईंचा व्हॉइस मेसेज होता. धम्मपालला तिकीट बघायला सांगितलंय, सून एवढी मनापासून या या म्हणाली तर नाही कसं म्हणू.

“येणार,” यामिनी म्हणाली. आणि आता बोललोच आहोत तर तेही होऊन जाऊ दे, म्हणून तिनं विचारलं, “तुम्ही सकाळपासून आमच्याकडे का बघताय? युगेंडआम्टच्या आहात का?”

बाईचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. “मी बेटावर राहते. हार्म्स माझं नाव. पोरीचे बूट उलटे आहेत. सांगावं की नाही, बसपासून ठरवतेय. माझ्या सुनेला सांगितलेलं आवडत नाही.”

यामिनीनं खाली पाहिलं. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. पहाटेच्या गडबडीत क्रांतीनं स्वतः घातलेले. तिथेच ओल्या डेकवर बसून तिनं ते बदलले. सील तोवर मागे गेले होते. वाळूच्या पट्ट्यावर काळी गाठोडी पडल्यासारखी दिसत होती.

बोट बेटाला लागली. इथे मोटारगाड्या नाहीत. धक्क्यावर फ्राउ हार्म्सची, म्हणजे हार्म्सबाईंची, लाकडी हातगाडी उभी होती. कुरहाउस तिच्याच वाटेवर.

“डार्फ इश?” क्रांतीनं गाडीत बसायची परवानगी मागितली.

‘या’ यामिनीच्या जिभेवर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

“हो,” ती म्हणाली. “पण मला दिसशील अशी, पुढेच.”

“हो?” फ्राउ हार्म्सनं विचारलं.

“हो हाइस्ट या,” क्रांतीनं ‘हो’ म्हणजे ‘या’ असा अर्थ सांगितला आणि गाडीत चढली.

यामिनीनं जाळीतून आपली बॅग काढली, दोन्ही चेन ओढून पाहिल्या, कुलूप हलवून पाहिलं, आणि गाडीच्या मागे निघाली, हात लांब केला तर टोपडी हाताला लागेल एवढ्या अंतरावरून.