डमीतली ओळ

आमच्या धंद्यात चाल आधी येते, शब्द मागाहून. खरे शब्द सुचेपर्यंत चालीत काहीबाही भरून गायचं, त्याला डमी म्हणतात. ‘दूध उतू गेलं, गॅस बंद कर’ हेसुद्धा चालतं. शब्द आले की डमी पुसून टाकायची. हे कुणी कुणाला लिहून देत नाही, पण सगळे पाळतात. भाऊने पाळलं नाही.

भाऊ म्हणजे माझ्या गाण्यांचा निर्माता. नात्याने कुणी नाही. इतकी वर्षं एकत्र काम केलं की मी त्याला भाऊ म्हणायला लागले. कसला भाऊ नि कसलं काय!

त्या दुपारी त्याने पियानोवर नवी चाल वाजवली. मी काचेपलीकडे, कानांवर हेडफोन. तोंडाला येईल ते गायला लागले आणि ताईचं वाक्य बाहेर पडलं, “आधी पाळणा उचल, मग मला घरी ने.” तिच्या पोटातलं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात ताई हे मला एकटीला म्हणाली होती. वाक्य चालीत चपखल बसलं आणि मला रडू फुटलं. भाऊने पाणी आणून दिलं. “कुणाचं गं हे?” मी सगळं सांगून मोकळी झाले.

“एवढं पुसून टाक हं.”

“वेडी आहेस का? हे काय सांगायला हवं?”

मग मी खरे शब्द लिहून दिले. त्याने तोंडभरून कौतुक केलं, गायिकेकडून गाऊनही घेतले.

गाणं बाहेर आलं तेव्हा मी केस कापायला बसले होते. सलूनच्या स्पीकरवर गायिका गळा काढून माझ्या ताईचा पाळणा उचलायला सांगत होती. अर्ध्या कापलेल्या केसांनिशी मी स्टुडिओ गाठला.

“तुझे शब्द छान होते गं, पण जीव डमीत होता. म्हणून ती ओळ मागाहून पुन्हा गाऊन घेतली,” भाऊ शांतपणे म्हणाला. “आणि गीतकार म्हणून नाव तुझंच टाकलंय की!”

त्याच्या मते हा उपकार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथूनच ताईला फोन लावला. तिने ऐकलं होतं. मी भाऊच्या नावाने बोटं मोडली, त्याने कसा केसाने गळा कापला ते सांगितलं.

“पण त्याला कुणी सांगितलं?” ताईने विचारलं.

ती अजूनही फोन करते. काल तिचा आवाज रडवेला वाटला.

“काय झालं ताई?”

“काही नाही गं,” ती म्हणाली. “तुझं काय, नवीन गाणं लिहितेयस का?”